सहिष्णुतेचा सक्तीचा अभ्यासक्रम: पहिला पाठ सोडा, चौथा आणि सहावा नक्की ऐका

आमच्या संस्थेनं यंदा सगळ्या कर्मचाऱ्यांना धर्म आणि सहजीवन या विषयावरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्याचं नाव आणि बनवणाऱ्या कंपनीचं नाव इथे देत नाही. तो सुटा विकत मिळत नाही, संस्थाच घेतात, आणि माझ्या नोकरीच्या ठिकाणाची ओळख उघड करायची माझी इच्छा नाही. ज्यांच्या माथी तो पुढे येईल त्यांना ओळखायला अडचण पडणार नाही. उघडल्या उघडल्या निरनिराळ्या रंगांचे तळहात एकमेकांवर ठेवलेले दिसतात आणि मागे बासरी वाजते. बासरी बंद करता येत नाही.

मी परिचारिका आहे. आजार बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम करते. इथे धर्मावर कुणी वाद घालत बसत नाही, पण ड्यूटीत तो पदोपदी येतो. कुणाची खाट कोणत्या दिशेला वळवायची, सलाइन लावताना कुणाच्या मनगटावरचा धागा कापायचा नाही, मृत्यूनंतर शरीराला कुणी हात लावायचा आणि कुणी नाही, हे सगळं फाइलीत औषधांच्या शेजारीच लिहिलेलं असतं. देव न मानणाऱ्या रुग्णाच्या फाइलीत कधीकधी लिहिलेलं असतं की प्रार्थनेसाठी कुणालाही आत सोडू नये. सगळ्यात जास्त मोडली जाणारी सूचना हीच. नातेवाइकांना वाटतं, निदान आता तरी. मी स्वतः देव मानते, रोजची उपासना चुकवत नाही. धर्म कुठला ते सांगत नाही, कारण एकदा ते कळलं की पुढचं प्रत्येक वाक्य त्याच हिशेबानं वाचलं जाईल.

अभ्यासक्रम दहा पाठांचा आहे. प्रत्येक पाठात चित्रफीत, मग थोडं वाचन, मग प्रश्न. शिवाय दर आठवड्याला एक थेट संवादाची बैठक.

पहिल्या पाठाबद्दल आधी बोलून मोकळी होते. ‘सर्व धर्मांचं सार एकच’ हा त्याचा विषय. गोड आवाजातली बाई सांगते की सगळे धर्म शेवटी प्रेम, शांती आणि दया हेच शिकवतात, फरक आहेत ते फक्त बाहेरचे. पाठाच्या शेवटी प्रश्न येतो: ‘सर्व धर्म मूलतः एकच गोष्ट सांगतात. बरोबर की चूक?’ मी ‘चूक’ निवडलं. पडद्यावर लाल फुली आली आणि ‘पुन्हा विचार करा’ अशी सूचना आली. विचार केला. उत्तर तेच राहिलं, पण पुढचा पाठ उघडायचा म्हणून ‘बरोबर’वर बोट ठेवलं. सहिष्णुतेच्या वर्गात मत बदलल्याशिवाय पुढे जाऊ न देणं हा विनोद त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

आता हे बरोबर का नाही ते बघा. येशू हा देवाचा पुत्र आहे यावर ख्रिस्ती श्रद्धा उभी आहे. मुसलमान त्याच येशूला आदरणीय पैगंबर मानतात, पण ईश्वराला पुत्र आहे असं म्हणणं त्यांच्या लेखी सगळ्यात मोठ्या पापांपैकी आहे. ज्यू त्याला दोन्ही अर्थांनी मानत नाहीत. जैन आणि बौद्ध विचारात जग निर्माण करणारा ईश्वरच नाही. माणूस एकदाच जगतो की पुन्हा पुन्हा, यावर एकमत नाही. मग मरणाऱ्या माणसाशी काय बोलायचं यावर कसं असेल? माझ्या वॉर्डातल्या कुणालाही जाऊन सांगा की तुम्ही ज्याच्या आधारानं ही रात्र काढताय तो बाहेरचा फरक आहे. मी तरी सांगणार नाही.

माझी तक्रार फक्त चुकीच्या माहितीची नाही. सगळे एकच बोलत असतील तर सहन करण्यासारखं उरलंच काय? जो माझ्याशी सहमत आहे त्याला मी जागा देते, यात माझं काहीच जात नाही. खरी गरज पडते ती समोरचा चुकतो आहे असं मला मनापासून वाटत असताना. या अभ्यासक्रमाचे काही पाठ हे ओळखून केलेले आहेत आणि काही ते टाळण्यासाठी. एकाच माणसानं सगळे लिहिलेले नाहीत हे उघड आहे.

दुसरा पाठ म्हणजे धर्मांचा तक्ता. स्थापना, ग्रंथ, सण, प्रार्थनास्थळ. शाळेतल्या भिंतीवर शोभेल. पुढे चला.

तिसऱ्यात अशोक येतो आणि पातळी एकदम वर जाते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या त्याच्या बाराव्या शिलालेखाचा आशय नीट समजावून दिला आहे. तो धर्म सोडा म्हणत नाही की सगळे एकच आहेत असंही म्हणत नाही. तो वाणीवर संयम ठेवायला सांगतो: कारण नसताना स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका, आणि कारण असलंच तर तीही बेतानं. निंदा करणारा स्वतःच्याच पंथाचं नुकसान करतो, असं तो पुढे म्हणतो. राजाला दगडावर हे कोरावंसं वाटलं, म्हणजे तेव्हाही लोकांच्या जिभा सैल होत्या. एकमेकांचा धर्म ऐका, हा त्याचा सल्ला पाठात आहे, पण एका ओळीत उरकला आहे. बासरीला मात्र भरपूर वेळ मिळाला आहे.

चौथा पाठ मी कॉफीच्या सुट्टीत लावला आणि कप तसाच राहिला. हा पाठ मिगेल सर्व्हेटसवर आहे. सर्व्हेटस स्पेनचा, पेशानं वैद्य. हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त फुफ्फुसांतून फिरून डाव्या बाजूला येतं, हे युरोपात छापील स्वरूपात पहिल्यांदा मांडणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. गंमत अशी की हे त्यानं वैद्यकाच्या ग्रंथात लिहिलं नाही, 1553 साली छापलेल्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात लिहिलं. देवाचा श्वास माणसात कसा येतो हे शोधता शोधता तो फुफ्फुसांपर्यंत पोचला. ऑक्सिजनच्या नळ्या लावण्यात माझी अर्धी नोकरी गेली, पण हे नाव मी शिकताना कधी ऐकलं नव्हतं.

त्रैक्याचा सिद्धान्त म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव. सर्व्हेटसला तो मान्य नव्हता, आणि लहान बाळांना बाप्तिस्मा देणंही मान्य नव्हतं. फ्रान्समध्ये व्हिएन इथे कॅथलिकांनी त्याला पकडलं. तो निसटला, तर त्यांनी त्याचा पुतळा जाळला. पळताना तो जिनीव्हात आला. तिथे कॅथलिकांच्या कट्टर विरोधकांची, म्हणजे काल्व्हिन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या अनुयायांची चलती होती. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या या दोन पक्षांचं सर्व्हेटसच्या बाबतीत मात्र एकमत झालं. 27 ऑक्टोबर 1553 रोजी त्याला जिवंत जाळण्यात आलं. जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा अशी सूचना काल्व्हिननं केली होती, ती मानली गेली नाही. त्या काळी हीच दया समजली जात असावी.

पाठ इथे संपवला असता तर ‘जुने लोक क्रूर होते’ एवढंच हाती लागलं असतं. पण पुढे सेबास्टियन कास्तेल्यो येतो. हा बाझेलला राहणारा विद्वान, पूर्वी काल्व्हिनच्याच जवळचा. त्यानं लिहिलं की सिद्धान्ताच्या रक्षणासाठी माणसाला मारता तेव्हा सिद्धान्ताचं रक्षण होत नाही, माणूस मारला जातो, इतकंच. हे त्यानं 1554 च्या सुमारास लिहिलं आणि छापून आलं 1612 मध्ये. तोवर त्याला जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. पाठ लिहिणाऱ्यानं इथे एक फार चांगली गोष्ट केली आहे. कास्तेल्योला सर्व्हेटसची मतं पटली होती म्हणून तो बोलला, असं दाखवलेलं नाही. त्यानं सर्व्हेटसची बाजू मांडली ती माणूस म्हणून. ज्यात आपल्याला पक्की खात्री वाटते अशा गोष्टींतही माणसाची बुद्धी चुकू शकते, आणि देवानं शिक्षेचा अधिकार आपल्या हाती दिलेला नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. तो धार्मिक माणूस होता आणि हा युक्तिवादही धार्मिक होता. श्रद्धा कमी करा म्हणजे सहिष्णुता वाढेल, असं सुचवणारे इतर पाठ बघितल्यावर हे फार बरं वाटलं.

पाचवा पाठ राजांच्या फर्मानांचा. मजकूर उत्तम, सादरीकरण कंटाळवाणं, आणि उपशीर्षकं आपोआप तयार होत असल्यामुळे अधूनमधून करमणूक. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीनं 1598 मध्ये प्रोटेस्टंटांना उपासनेची मोकळीक देण्यासाठी काढलेला नान्तचा जाहीरनामा खाली सगळीकडे ‘नात्याचा जाहीरनामा’ असा उमटतो. हे नातं पुढे 1685 मध्ये चौदाव्या लुईनं तोडलं आणि लाखाहून जास्त प्रोटेस्टंटांनी देश सोडला, हे वाचताना उपशीर्षक अचानक शहाणं वाटू लागतं.

याच पाठातला अमेरिकेतल्या मेरीलँड या इंग्रजांच्या वसाहतीचा 1649 चा कायदा माझ्यासाठी नवा होता. धार्मिक सहिष्णुतेसाठीच तो केलेला होता. एखाद्याला ‘पाखंडी’, ‘प्युरिटन’, ‘ल्युथरन’ अशा शब्दांनी हिणवलं तर दहा शिलिंग दंड. आणि त्याच कायद्यात, त्रैक्य नाकारणाऱ्याला देहदंड! म्हणजे सर्व्हेटस शंभर वर्षांनी जन्मून समुद्रापार गेला असता तरी त्याची सुटका नव्हती. प्रत्येक काळ आपल्या सहिष्णुतेला एक कुंपण घालतो आणि कुंपणाबाहेर कोण राहिलं ते त्याला दिसत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकनं 1689 मध्ये सहिष्णुतेची बाजू इतकी नेटकी मांडली, पण नास्तिकांना त्यानंही वगळलं, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेवर भरवसा कसा ठेवायचा, हा त्याचा प्रश्न होता. पाठात हा भाग आहे. आपल्या कुंपणाबाहेर आज कोण आहे, हा प्रश्न मात्र शेवटच्या प्रश्नावलीत नाही. तिथे फक्त सनावळी विचारली आहे.

सहावा पाठ न्यायालयांचा, आणि सगळ्यात उपयोगी हाच. यहोवाच्या साक्षीदारांच्या तीन खटल्यांवर तो रचला आहे. हा ख्रिस्ती धर्मातला छोटा पंथ. झेंड्याला सलामी देणं त्यांना मूर्तिपूजेसारखं वाटतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मायनर्सव्हिल गावी 1935 मध्ये लिलियन आणि विल्यम गोबायटिस या दोन मुलांना सलामी नाकारल्याबद्दल शाळेतून काढलं. सर्वोच्च न्यायालयानं 1940 मध्ये आठ विरुद्ध एक मतानं शाळेची बाजू घेतली. त्यानंतर देशभर या पंथाच्या लोकांवर शेकडो हल्ले झाले. तीनच वर्षांत, 14 जून 1943 रोजी, बार्नेट खटल्यात त्याच न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी आपलाच निकाल फिरवला. तेव्हा अमेरिका महायुद्धात होती, देशप्रेमाचा ज्वर शिगेला होता, आणि तो दिवस नेमका झेंडा दिन होता. राजकारणात, राष्ट्रभक्तीत किंवा धर्मात कोणतं मत प्रमाण हे लहानमोठ्या कुठल्याच अधिकाऱ्यानं ठरवायचं नाही, असा न्यायमूर्ती जॅक्सन यांच्या निकालाचा गाभा.

तिसरा खटला भारतातला. केरळात जुलै 1985 मध्ये बिजो इमॅन्युएल आणि त्याच्या दोन बहिणींना शाळेतून काढलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती तिघं इतरांसारखीच आदरानं उभी राहत, पण गात नसत. उच्च न्यायालयानं म्हटलं की राष्ट्रगीतात कुणाची श्रद्धा दुखावेल असं काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 1986 मध्ये मुलांच्या बाजूनं निकाल दिला. न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांच्या निकालातलं एक तत्त्व मी वहीत लिहून घेतलं: एखादी श्रद्धा आम्हाला तर्काला धरून वाटते का, हा प्रश्न नाही; ती प्रामाणिकपणे, सद्सद्विवेकानं बाळगलेली आहे का, हा प्रश्न आहे.

हे वाक्य माझ्या कामाला रोज लागतं. याच पंथाचे रुग्ण रक्त घेत नाहीत. असा एक रुग्ण आमच्याकडे होता. शुद्धीवर, समजूतदार, वयानं मोठा. रक्त दिलं असतं तर त्याला आणखी काही काळ मिळाला असता, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. मी त्याला ते सांगितलंही. त्यानं शांतपणे ऐकलं आणि नकाराच्या कागदावर सही केली. साक्षीदार म्हणून खाली सही माझी. मला त्याचं म्हणणं पटलं नाही. मी त्याची उशी नीट केली आणि त्याचा नकार पुढच्या पाळीला लाल शाईत लिहून दिला, म्हणजे रात्री कुणी ‘भल्यासाठी’ पिशवी लावायला नको. लहान मूल असतं तर गोष्ट वेगळी होती. आईवडिलांची श्रद्धा मुलाच्या जिवावर उठत असेल तर अनेक देशांतली न्यायालयं मध्ये पडतात, आणि मला ते योग्य वाटतं. पाठात हा फरक चांगला आणला आहे: स्वतःच्या श्रद्धेसाठी स्वतः किंमत मोजणं वेगळं, ती दुसऱ्याला मोजायला लावणं वेगळं.

सातव्यात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं अठरावं कलम आहे. दहा डिसेंबर 1948 रोजी जाहीरनामा 48 विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला, आठ देश तटस्थ राहिले. या कलमात धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत आहे आणि त्यावरून बरीच खळखळ झाली. सौदी अरेबिया तटस्थ राहिला. पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री मुहम्मद झफरुल्ला खान यांनी मात्र इस्लामचाच आधार घेऊन या स्वातंत्र्याची बाजू मांडली. खान अहमदिया पंथाचे होते. पुढे 1974 मध्ये त्यांच्याच देशानं घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुसलमान मानायचं नाही असं ठरवलं, आणि 1984 च्या अध्यादेशानं त्यांनी स्वतःला मुसलमान म्हणवणं हाही गुन्हा झाला. खान 1985 मध्ये वारले, म्हणजे हे सगळं त्यांनी पाहिलं. अभ्यासक्रमात खानांचं 1948 मधलं भाषण आहे, पुढचं नाही. ते मी इथे भर घालून सांगते आहे, कारण त्याशिवाय तो पाठ अर्धाच राहतो. आणखी एक गोष्ट सुटली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1981 च्या धार्मिक असहिष्णुतेविरुद्धच्या जाहीरनाम्यात ‘धर्म बदलणं’ हे स्पष्ट शब्दांत आलेलंच नाही. म्हणजे आधीच्या मजकुराच्या मानानं जगानं पाऊल मागे घेतलं.

आठव्याचा अर्धा भाग ‘असहिष्णूंना सहन करायचं का’ या प्रश्नावर. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरनं 1945 मध्ये मांडलेला विरोधाभास, म्हणजे सगळ्यांनाच सहन केलं तर असहिष्णू लोक सहिष्णुताच संपवतात, एका चित्रात कोंबला आहे आणि चित्राचा अर्थ होतो: जो असहिष्णू वाटेल त्याला गप्प करा. पॉपर असं म्हणत नाही. जोवर युक्तिवादानं आणि लोकमतानं उत्तर देता येतं तोवर तोंड दाबणं शहाणपणाचं नाही, असं तो स्पष्ट म्हणतो; जे वाद ऐकायलाच नकार देतात आणि मुठी किंवा पिस्तुलं पुढे करतात, त्यांच्यासाठी तो बळाचा हक्क राखून ठेवतो. अर्धवट पॉपर पाठ करून माणूस वॉर्डात आला तर दर पाळीत कुणाला तरी गप्प करत सुटेल.

उरलेल्या अर्ध्यात मात्र एक प्रसंग आहे, तो कुणी चुकवू नये. ज्यूल इसाक हा फ्रेंच ज्यू इतिहासकार. त्याची बायको आणि मुलगी नाझींनी मारली. ख्रिस्ती शिकवणीत ज्यूंबद्दलचा तिरस्कार शतकानुशतकं कसा मुरत गेला, याचा त्यानं अभ्यास केला आणि जून 1960 मध्ये, वयाच्या ऐंशीच्या पुढे, तो पोप तेविसाव्या जॉनना जाऊन भेटला. 28 ऑक्टोबर 1965 रोजी कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेनं 2221 विरुद्ध 88 मतांनी एक घोषणापत्र संमत केलं. येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर टाकता येणार नाही, असं त्यात म्हटलं. तोवर इसाक हयात नव्हता. ‘धर्म कधी बदलत नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांनी हे बघावं, मग ते धर्माचे विरोधक असोत की रखवालदार.

नववा पाठ समाजमाध्यमांवर. ‘पुढे पाठवण्यापूर्वी विचार करा.’ बरं.

एक उणीव मराठी माणूस म्हणून टोचली. अभ्यासक्रम मराठीत आहे, पण मराठीतलं काही त्यात नाही. एकनाथांचं हिंदू-तुर्क संवादाचं भारूड सोळाव्या शतकातलं. त्यात दोघं आधी एकमेकांच्या धर्माची यथेच्छ उणीदुणी काढतात, कुणी कुणाला सोडत नाही, आणि मग गळाभेट होते. आधी भांडण आणि मग भेट, हा क्रम पहिल्या पाठाच्या लेखकाला दाखवायला हवा. आणि जोतीराव फुल्यांच्या 1891 मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या पुस्तकातलं ते कुटुंब: बाई बौद्ध झाली, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, म्हणजे फुल्यांनीच मांडलेल्या सार्वजनिक सत्यधर्माचा, आणि सगळ्यांनी एकमेकांचा द्वेष न करता गोडीनं राहावं. चारही जण स्वतः वाचून, निवडून त्या धर्मात गेलेत. एका घरात चार धर्म, आणि कुणीही ‘सगळं एकच’ म्हणत नाही. सातव्या पाठाला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं.

आता थेट संवादाची बैठक. अॅप चार जणांचा गट जोडून देतं, सोबत एक संचालक आणि पडद्यावर उलटं धावणारं घड्याळ. आमच्या पहिल्या बैठकीचा नियम होता ‘मतभेदाचे विषय टाळू या’. गटातल्या एका शिक्षिकेनं दहाव्या मिनिटाला तो मोडला. दुसऱ्या एका सहभागीला ती म्हणाली, “दादा, राग मानू नका, पण तुमचा देव खरा आहे असं मला वाटत नाही. तरी तुमच्या मुलांना माझ्या शाळेत कुणी त्यावरून चिडवलं तर मी त्याला सोडणार नाही.” संचालकानं तिचा आवाज बंद केला. समोरचे दादा मात्र हसत होते. नंतर त्यांनी लिहून पाठवलं, “ताई, तुमच्या शाळेत जागा आहे का?” त्या बैठकीत त्याहून चांगलं काही घडलं नाही.

पुढच्या आठवड्यात संचालिका बदलली आणि बैठकीला जीव आला. तिनं क्रिस्टर स्टेंडाल या स्वीडिश धर्मगुरूचे तीन नियम सांगून सुरुवात केली. स्टॉकहोममध्ये 1985 साली मॉर्मन पंथाच्या मंदिराला विरोध होत असताना, त्या पंथाचा नसूनही, त्यानं ते मांडले होते. एखादा धर्म समजून घ्यायचा तर त्याच्या शत्रूंना विचारू नका, मानणाऱ्यांना विचारा. आपल्यातलं सर्वोत्तम आणि त्यांच्यातलं सर्वांत वाईट अशी तुलना करू नका. आणि त्यांच्या धर्मातल्या ज्या गोष्टीचा हेवा वाटतो तिच्यासाठी मनात जागा ठेवा. मग तिनं प्रत्येकाला शेजाऱ्याची श्रद्धा अशी मांडायला लावली की शेजारी म्हणाला पाहिजे, “हो, अगदी हेच.” मला एका नास्तिक इंजिनिअरची बाजू मांडायची होती. मी म्हटलं, “त्यांना कशाचाच आधार वाटत नाही.” तो म्हणाला, “नाही हो सिस्टर, मला माणसांचा आधार वाटतो.” पुन्हा मांडली. त्यानं होकार दिला तेव्हा घड्याळ संपून गेलं होतं आणि तिनं ते खुशाल संपू दिलं.

हा प्रकार मी वॉर्डात वापरून पाहिला. दोन खाटांमध्ये फक्त पडदा. एका आजोबांचं पहाटेचं पठण फोनवर मोठ्यानं चालायचं, शेजारच्या काकांना त्या धर्माचाच राग, आणि तक्रार मात्र ‘आवाजाची’. मी दोघांना एकमेकांची अडचण सांगायला लावली. काका म्हणाले, “त्यांना हे ऐकल्याशिवाय भीती वाटते.” आजोबा म्हणाले, “यांना रात्रभर झोप नसते, पहाटे जरा डोळा लागतो.” आजोबांना कानात घालायचं यंत्र दिलं, पडदा तसाच राहिला. काकांचा राग गेला असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खालच्या आवाजात विचारलं, “त्यांचं ते झालं का आज?” तेवढंच.

एकंदर पाचपैकी साडेतीन तारे. चौथ्या आणि सहाव्या पाठाला प्रत्येकी पाच, पहिल्याला एक, तोही चित्रांच्या रंगांसाठी. परीक्षा सोपी आहे, पण ती समजुतीपेक्षा स्मरणशक्तीची आहे. प्रमाणपत्रावर पुन्हा तेच तळहात. संस्था चालवणाऱ्यांनी घ्यायचाच असेल तर संचालक कोण ते आधी विचारावं. बैठकीचा सगळा भार त्या माणसावर आहे.

शक्यतो संगणकावर बघा, मोबाइलवर नकाशे कापले जातात. पाठांचा लेखी मसुदा उतरवून घेता येतो, पण परीक्षा दिली की ती सोय बंद होते. तेव्हा चौथा आणि सहावा आधीच उतरवून ठेवा.